साताऱ्याहून लंडन, व्हाया वजिराचं प्यादं

साताऱ्याहून लंडनला जाण्याची परंपरा जुनी आहे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव रंगो बापूजी गुप्ते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं १८३९ मध्ये गादीवरून उतरवलं आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन बसले. बसले म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं बसले. अर्ज केले, सभा गाजवल्या, कर्ज काढलं. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले, १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं, तरी हा गडी तिथंच. शेवटी १८५३ मध्ये रिकाम्या हातानं परत निघाला.

आता साताऱ्याची पोरं दर रविवारी लंडनला जातात. अर्ज नको, आगबोट नको. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, काळ्या घरातला उंट एफ-४ वर, मग ई-३, घोडा बाहेर, सी-३, दुसरा उंट, दुसरा घोडा, किल्लेकोट. आठ चालींत लंडन. समोरच्यानं मधल्या काळात काय खेळलं? ते बघायचं नसतं. तेच तर या डावाचं सुख.

ज्यांच्या घरात बुद्धिबळाचा क्लास शिरलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी: या प्रकाराला ‘लंडन सिस्टिम’ म्हणतात. जेम्स मेसन नावाचा खेळाडू १८८०च्या दशकात असलं काहीतरी खेळत होता. १९२२च्या लंडन स्पर्धेत मोठमोठ्यांनी ते खेळलं आणि नाव चिकटलं. ती स्पर्धा कापाब्लांकानं जिंकली. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं मात्र हा डाव क्लबातल्या पेन्शनरांचा मानला गेला. वजिराच्या प्याद्यानं सुरुवात तर करायची, पण क्वीन्स गॅम्बिट, निम्झो-इंडियन, किंग्ज इंडियन असल्या भानगडींत पडायचं नाही, अशा सज्जनांचा. आज कुठल्याही जिल्हा निवड स्पर्धेत नऊ वर्षांखालील गटाच्या टेबलांवरून चक्कर मारा. निम्मी टेबलं लंडनमध्ये आहेत. उरलेली काळ्या मोहऱ्यांनी लंडनला तोंड देत आहेत.

पालक बाहेर. मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर, मोटारीच्या सावलीत, थर्मासच्या अवतीभवती. पालकांचीही एक थिअरी आहे आणि ती मुलांच्या थिअरीपेक्षा पक्की आहे. “सर म्हणाले, लंडन घ्या, पाठांतर कमी.” “आमच्या सरांनी अठरा चालींपर्यंत करून घेतलंय.” “आमच्यांनी बावीस.” पाठांतर कमी म्हणून घेतलेला डाव बावीस चालींपर्यंत पाठ कसा झाला, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. बाप मंडळी सकाळी सहाला निघालेली असतात. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला पोचेपर्यंत डोक्यात फक्त रेटिंग असतं.

गंमत अशी की, पाठांतर कमी ही जाहिरात एकेकाळी खरी होती. मग २०१६ मध्ये वाइक आन झी इथं मॅग्नस कार्लसननं याच लंडनमध्ये तोमाशेव्हस्कीला धुतलं आणि जगभरच्या मंडळींना साक्षात्कार झाला. घोड्याच्या आधी दुसऱ्याच चालीला उंट काढायचा हे बारीक कलम तेव्हाच रूढ झालं. एप्रिल २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेतेपदाच्या सामन्यात डिंग लिरेन एका डावानं मागे होता. सहाव्या डावात त्यानं लंडन काढलं, शेवटी वजिराच्याच प्याद्याचा बळी देत प्रतिस्पर्धी नेपोम्निशीच्या राजाभोवती मात देणारं जाळं विणलं आणि बरोबरी साधली. पुढे तो जगज्जेताही झाला. झालं! पेन्शनरांचा डाव राजवाड्यात गेला. त्याच्यावर व्हिडिओ आले, कोर्स आले, जाड पुस्तकं आली. आज काळ्यानं पटकन सी-५ आणि वजीर बी-६ वर आणून कोपऱ्याजवळच्या बी-२च्या प्याद्याला हात घातला, की पांढऱ्यानं काय करायचं यावरच एक स्वतंत्र प्रकरण असतं.

आणि आमचा नऊ वर्षांचा बंड्या नेमका त्या प्रकरणाआधी क्लास सोडून मुंजीला गेलेला असतो. वजीर बी-६ वर येतो. बंड्या पटाकडे बघतो, छताच्या पंख्याकडे बघतो, दाराच्या फटीतून दिसणाऱ्या बाबांकडे बघतो. मग सहावी चाल म्हणून शिकवलेली चाल सहाव्या चालीला करतो आणि प्यादं जातं.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. समोरच्या नटानं भलतंच वाक्य टाकलं तर आपलं पाठ वाक्य तसंच रेटू नये, एवढं इथल्या हौशी नटालाही कळतं. बुद्धिबळाच्या क्लासात मात्र समोरचा नट रंगमंचावर आहे हेच पोराला सांगायचं राहून गेलंय.

कार्लसन लंडन कशासाठी खेळतो? मुख्य रस्ते संगणकातल्या इंजिनांनी खणून ठेवलेत म्हणून. क्वीन्स गॅम्बिट घ्या, कॅटलन घ्या, दोघांच्याही घरी तोच संगणक, त्याच पंचवीस चाली आणि शेवटी पडद्यावर बरोबरीचं तेच शून्य-शून्य-शून्य. तेव्हा म्हणे अशा आडगल्लीत जाऊ की जिथं पाचव्या-सातव्या चालीपासून दोघांनाही स्वतःच्या डोक्यानं चालावं लागेल. म्हणजे कार्लसन लंडन खेळतो तो विचार लवकर सुरू व्हावा म्हणून. बंड्या खेळतो तो विचार होता होईल तो लांबावा म्हणून. चाली त्याच.

इंजिनांनी आणखी एक पाप केलं. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो नावाचं यंत्र आलं. त्याला फक्त नियम सांगितले होते. थिअरी नाही, पुस्तक नाही, क्लास नाही. ते स्वतःशीच खेळत शिकलं आणि तेव्हाच्या दादा संगणकाला, स्टॉकफिशला, त्यानं झोडपलं. त्याची एक खोड सगळ्यांच्या डोळ्यांत भरली: हत्तीपुढचं प्यादं उठसूट पुढे ढकलायचं. मग सगळ्यांनाच ती खोड लागली. २०२० मध्ये स्टॉकफिशच्याही पोटात तसलंच स्वतः शिकणारं न्यूरल जाळं बसवलं गेलं. आज वजिराच्या प्याद्याला काळ्यानं घोडा आणि जी-६ असं उत्तर दिलं, तर पांढरा तिसऱ्याच चालीला सरळ एच-४ मारतो. ग्रँडमास्टर मारतात! क्वीन्स गॅम्बिट नाकारताना काळा तिसऱ्या चालीला ए-६ असं एकच घर सरकतो आणि तेही आता प्रतिष्ठित. जुन्या पिढीतल्या मास्तरांनी याच चालींसाठी किती कान पिरगाळले असतील! “कडेची प्यादी उगाच हलवू नकोस, मधल्या घरांकडे बघ.” त्या पिरगाळलेल्या कानांची माफी आता मागायची कुणी?

इथं व्हॉट्सॲपवरच्या एका ठरावीक काकांचा मेसेज येणार हे मला माहीत आहे. “आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं.” काका, थांबा. तुमचं निम्मं बरोबर आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

आपल्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. विलायती किल्लेकोट नव्हता; राजाला, शह बसला नसेल तर, घोड्यासारखी एक उडी मिळायची. प्याद्यानं केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सगळ्यांत मानाची. अशा डावात वाढलेला माणूस विलायती नियमांनी खेळायला बसला, की साहजिकच प्यादी जपून, एकेक घर सरकवायचा, उंट कोपऱ्यात लपवायचा आणि मधला पट साहेबाला मोकळा द्यायचा. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा कसलेला स्कॉटिश बॅरिस्टर होता. त्याच्याशी महेशचंद्र बंदोपाध्याय नावाचा, शहरापासून लांब खेड्यात राहणारा ब्राह्मण १८५०च्या आगेमागे असेच शेकडो डाव खेळला. त्यातले काही लंडनच्या बुद्धिबळ नियतकालिकातून छापून आले. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा लंडनमध्ये १८५१ साली झाली. रंगो बापूजी तेव्हा त्याच गावात कुणाकुणाचे उंबरे झिजवत होते. साताऱ्याच्या वकिलाचं म्हणणं लंडननं ऐकून घेतलं आणि फाईल केलं. बंगाल्याच्या चालीही ऐकून घेतल्या आणि ‘इंडियन डिफेन्स’ असं नाव देऊन फाईल केल्या. हा शब्दप्रयोग १८८४ पासून छापील सापडतो. अर्थ साधारण असा: साहेब लोक असं खेळत नाहीत.

१८५५ मध्ये महेशचंद्रानं कॉक्रेनच्या वजिराच्या प्याद्याला जे उत्तर दिलं, घोडा, जी-६ आणि लगेच डी-५, तेच १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डनं काढलं आणि अलेखीनला हरवलं. मधे सदुसष्ट वर्षं. आज त्या बचावाला ग्रुनफेल्ड म्हणतात. काका, मेसेज पुढे पाठवायच्या आधी एक तपशील जोडा: महेशचंद्र तो डाव हरला. वीसएक चालींत मात खाल्ली. चाल आधी करणं आणि ती कळणं यांत सदुसष्ट वर्षांचं अंतर असू शकतं. आमच्याकडे आधी करणाऱ्याचा पुतळा होतो आणि विषय संपतो.

दुसरी हकिकत मीर सुलतान खानची. पंजाबातल्या सर उमर हयात खानांच्या पदरी असलेला माणूस. देशी बुद्धिबळात वाढला, विलायती नियम मोठेपणी शिकला. १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. पुस्तकी सुरुवाती याला येत नाहीत, असं तिकडचे जाणकार मोठ्या आपुलकीनं लिहीत. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, तो डाव क्वीन्स इंडियन. पाचव्या चालीला त्यानं काय खेळलं? ए-३. हत्तीपुढचं प्यादं, एकच घर. पुढे त्या पद्धतीला पेट्रोशियनचं नाव मिळालं, १९८०च्या दशकात कास्पारोव्हनं ती गाजवली आणि आज ती क्लासात ‘अॅडव्हान्स बॅच’ला शिकवतात. पुस्तकी सुरुवात येत नसलेल्या माणसाची चाल पुस्तकात गेली, पुस्तकावर नाव दुसऱ्याचं. सुलतान खानला जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, म्हणजे फिडेनं, मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये. माणूस १९६६ मध्येच गेला होता. सरकारी कामाला वेळ लागतो, हा समज निव्वळ भारतीय नाही.

याच सुलतान खानशी १९३५ मध्ये आपले वि. का. खाडिलकर दहा डावांचा सामना खेळले. खाडिलकर साधे खेळाडू नव्हते. १९२४ मध्ये विलायतेत जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत उतरलेले. निकाल: साडेनऊ विरुद्ध अर्धा. एक डाव बरोबरीत सुटला, तेवढाच महाराष्ट्राच्या वाट्याला. ही हकिकत आपण फारशी सांगत नाही.

खाडिलकर म्हटलं की सांगली आठवते. नाटककार आणि ‘नवाकाळ’कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ मध्ये इथंच जन्मले. त्यांच्या पणत्या जयश्री, वासंती आणि रोहिणी यांनी मुंबईत राहून भारतीय महिला बुद्धिबळ जवळजवळ घरातच वाटून घेतलं होतं. १९७४ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा पुरुषांनी जो गदारोळ केला, तो उच्च न्यायालयापर्यंत आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युव्हे यांच्यापर्यंत गेला. बाईला अडवता येणार नाही, असा निकाल लागला. पुरुषांच्या सगळ्या सुरुवाती पाठ होत्या, फक्त ही नव्हती.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, पोरं घडवली. भाग्यश्री साठे त्यातली. १९८५ ते १९९४ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेती, १९८६ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये आशियाई विजेती. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही सांगलीचीच. भाग्यश्रीच्या काळात थिअरी म्हणजे बेलग्रेडहून सहा महिन्यांनी निघणारा ‘इन्फॉर्मेटर’, तोही कुणीतरी कुणाकडून तरी आणलेला. ताजी म्हणून मिळणारी चाल इथं पोचेपर्यंत शिळी. त्यामुळे पट मांडून डोकं चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगलीनं चॅम्पियन दिले ते सुविधा कमी असताना, आता मोबाइलमध्ये जगातला सगळ्यांत बलाढ्य खेळाडू फुकट बसलाय आणि आपण त्याला विचारतो काय, तर “पुढची चाल कुठली?” का कुठली, हे कुणी विचारत नाही. यंत्रही सांगत नाही. त्याला ‘का’ येत नाही.

(साताऱ्याचे वाचक आतापर्यंत रागावले असतील, की सगळी नावं सांगलीचीच. रागावू नका. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. पाहिजे तर तेवढ्या वर्षांतली पदकं मागून घ्या.)

गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि क्लासांचे फलक बदलले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा फलकांवर मुलींचे फोटोही आले. गुकेशचा तिसरा डाव सगळ्यांनी पाहिला. क्वीन्स गॅम्बिट, डिंगचा उंट पांढऱ्याच्या घरात शिरून अडकला, खेळ खलास. त्या डावाच्या चाली पोरांना पाठ आहेत. पण गुकेशबद्दल छापून आलेली एक ओळ मात्र पालकांच्या नजरेतून नेमकी सुटते: पोरगा ग्रँडमास्टर होईपर्यंत प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला इंजिनपासून लांब ठेवलं होतं. ग्रँडमास्टर होईपर्यंत! आमच्याकडे पोरगं अजून पंचाला “सर, सू” असं सांगायच्या वयात असतं आणि घरी त्याच्या प्रत्येक डावाचं इंजिनकडून पोस्टमॉर्टेम. “अचूकता चौसष्ट टक्के! परवा एकाहत्तर होती. काय चाललंय तुझं?” इंजिनची अचूकता आईबापांनाही लावून बघावी अशी सूचना आहे.

वर बसलेली मोठी माणसं तर थिअरीला एवढी कंटाळलीत की त्यांनी पटच विस्कटला. बॉबी फिशरनं १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला जाहीर केलेला प्रकार, मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकल्यासारखे मांडायचे, कार्लसन आता हौसेनं खेळतो. एकूण ९६० मांडण्या. म्हणजे सुरुवात पाठ करण्याची सोयच नाही. थिअरीवर रामबाण उपाय, असं तिकडे म्हणतात. तिकडच्यांना आमचे क्लास माहीत नाहीत. ९६० मांडण्या म्हणजे ९६० बॅचेस. पहिल्या पाच मांडण्या डेमो, उरलेल्यांना हप्त्यांची सोय. मी तर म्हणतो, इकडे साखर कारखान्यांनी जोडधंदा म्हणून बघायला हरकत नाही.

परवा सांगलीत एका स्पर्धेच्या ठिकाणी एक गृहस्थ भेटले. साताऱ्याकडचेच. पोरगा आत, हे बाहेर, हातात जोड्यांच्या यादीचा फोटो. पहिल्या फेरीत पोरगा लंडन खेळून जिंकला होता, एच-७ वर उंट घालून, अगदी कोर्समधल्यासारखा. गृहस्थ खुशीत होते. दुसऱ्या फेरीची यादी लागली आणि त्यांचा चेहरा उतरला. मोबाइल कानाला लावून त्यांनी क्लासच्या सरांना गाठलं.

“सर, दुसऱ्या फेरीत काळी आलीय त्याला. काळ्यानं पण लंडनच खेळायचं ना?”

पलीकडून काही वेळ उत्तर आलं नाही. मग आलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, “काळ्या मोहऱ्यांची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे. फी वेगळी.”